दुखणे अंगावर का काढायचे?

‘आता काही करण्यासारखे राहिले नाही, घरी घेऊन जा, सेवा करा.’ कर्करोग पसरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य आजही ऐकावे लागते. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या वाडी-वस्तीवर असा रुग्ण परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा पॅरासिटामॉलची किंवा तत्सम गोळ्यांची पट्टी असते. हाडात उतरलेल्या कर्करोगापुढे ती गोळी काय करणार? रात्रभर माणूस कण्हतो, घर जागे राहते आणि ‘भोग आहेत’ म्हणून सारे गप्प बसतात.

हे भोग नाहीत, ही उपचारांतली कसूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बळावलेल्या कर्करोगात तीनपैकी दोन रुग्णांना वेदना होतात. त्या पायरीपायरीने कशा शमवायच्या, हे याच संघटनेने 1986 मध्ये सांगून ठेवले आहे. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन दर चार तासांनी, घड्याळाकडे पाहून द्यायचे. दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. सोबत बद्धकोष्ठतेचे औषध हवेच. हाडाच्या दुखण्यावर किरणोपचाराची एखादी मात्राही आराम देते. तोंडाच्या चिघळलेल्या जखमेच्या दुर्गंधीने रुग्णाजवळ बसणे अवघड होते, तिथे मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकली तरी वास कमी होतो. यातले काहीही महागडे नाही. मात्र मात्रा ठरवायला, ती रोज तपासून बदलायला आणि घरच्यांना समजावायला वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर व परिचारिका लागतात.

‘मॉर्फिन म्हणजे अफू, सवय लागेल’ ही भीती घरातही आहे आणि दवाखान्यातही. वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते; पण तिच्यापासून बनणारे औषध गावच्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचा असा गुंता केला होता की रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरत. 2014 च्या दुरुस्तीने तो सोडवला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली की रुग्णालयाला हे औषध ठेवता येते. कायद्याकडे बोट दाखवण्याची सोय उरलेली नाही.

धोरणाचीही वानवा नाही. देशाचा वेदनाशमन कार्यक्रम 2012 चा, महाराष्ट्राचे धोरणही त्याच वर्षीचे. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी देशातली पहिली संस्था (हॉस्पिस) ‘शांती आवेदना सदन’ 1986 मध्ये मुंबईतच उभी राहिली. केरळने मात्र 1993 पासून कोझिकोडच्या स्वयंसेवकांच्या बळावर ही सेवा घराघरांत नेली आणि 2008 मध्ये राज्याचे धोरण केले. आपण धोरण केले आणि फाइल मिटली, असे होऊ नये.

जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालना शहरापासून साठेक किलोमीटरवर असले, तरी मंठ्याच्या रुग्णाला तिथे जायला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास पडतो. अंथरुणाला खिळलेला माणूस एका मात्रेसाठी एवढा कसा हेलपाटणार? म्हणून जिल्हा रुग्णालयात वेदनाशमन कक्ष, प्रशिक्षित डॉक्टर, मॉर्फिनचा अखंड साठा आणि तालुक्यांत फिरणारे परिचारिकांचे पथक हवे. उपचार सुरू होतानाच ही सेवा जोडावी, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगावरील 2010 च्या अमेरिकी अभ्यासात अशी सेवा लवकर मिळालेले रुग्ण अधिक बरे जगले आणि अधिक काळही जगले.

जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी एवढे करावे: जिल्ह्यात कोणत्या सरकारी व खासगी रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे आणि किती साठा आहे, याची यादी दर तिमाहीला जाहीर करावी. रुग्णांच्या नातेवाइकांनीही ‘दुखतेय, मात्रा वाढवा’ हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. वेदना थांबवणे ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.