खिशातील दार आणि त्याचे द्वारपाल

सौसर तालुक्यातील मोहगाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मोहगाव त्यात गेले. राज्य मात्र तेच राहिले. घरात मराठी, शेतात संत्री आणि कापूस, मोठ्या बाजारासाठी नागपूर आणि सरकारी कागद हिंदीत, अशी तेथील जीवनाची घडण आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या आम्हां गोमंतकीयांस ही स्थिती अगदीच परकी वाटू नये. आज या गावाची आठवण होण्याचे कारण मात्र सीमावाद हे नव्हे. नव्या स्मार्टफोनवर सरकारने आणि व्यापाऱ्यांनी आपले दार कोणत्या प्रकारे बसवावे, हा वरकरणी तंत्रज्ञांचा वाटणारा प्रश्न मोहगावाच्या सीमेवर उभे राहून पाहिला असता फार स्पष्ट दिसतो.

समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. थोरलीचा संसार मोहगावात, धाकटीचा सीमेपलीकडे नागपूर जिल्ह्यातील सावनेरात. मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने लाडली बहना योजना काढली आणि गावोगावी, प्रभागोप्रभागी शिबिरे भरवून अर्ज भरून घेतले. शासनाचा माणूस समोर बसला, त्याने नाव घातले, जागच्या जागी छायाचित्र काढले, पावती दिली. जूनमध्ये पहिले एक हजार रुपये खात्यात पडले. थोरल्या बहिणीस स्वतःचा फोन असावा, अशी अटच नव्हती. पुढल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, महाराष्ट्राने दरमहा १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आणली. (दोन्ही राज्यांत वर्षअखेरीस निवडणुका होत्या, हा योगायोग ज्याच्या ध्यानात आला नसेल तो भोळाच म्हणावयाचा.) येथे अर्जाचा मुख्य मार्ग ठरला तो नारीशक्ती दूत नावाचे ॲप. अंगणवाडी सेविका आणि सेतू केंद्रे मदतीस होती, हे खरे. परंतु त्यांनाही बहुधा त्याच ॲपच्या तोंडाकडे पाहावे लागे, आणि एकाच वेळी साऱ्या राज्याचा भार पडल्यावर ते तोंड वारंवार मिटू लागले. अखेर ऑगस्टमध्ये अर्जासाठी संकेतस्थळ उघडावे लागले. जे आधी करावयाचे ते नंतर करण्यात आले.

हा फरक नेमका कशाचा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फोनवर काम करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ज्याला नेटिव्ह ॲप म्हणतात ते. हे त्या फोनच्या प्रणालीसाठी खास रचलेले असते. अँड्रॉइडसाठी निराळे, आयफोनसाठी निराळे. ते दुकानातून, म्हणजे गुगलच्या वा ॲपलच्या भांडारातून, उतरवून घ्यावे लागते, फोनमध्ये जागा अडवते आणि अधूनमधून नवे करून घ्यावे लागते. दुसरा मार्ग वेब ॲपचा. हे असते ब्राउझरमध्ये उघडणारे पानच. पण असे पान की जे अर्ज घेते, हिशेब करते, छायाचित्र स्वीकारते आणि नीट रचले असेल तर संपर्क तुटल्यावरही काही काळ तग धरते. त्याचा पत्ता शेजारणीस व्हॉट्सॲपवर धाडता येतो. दुरुस्ती एकाच जागी केली की सर्वांच्या फोनवर ती आपोआप दिसते. कोणाच्या भांडाराची परवानगी लागत नाही.

गंमत अशी की, ज्यांनी भांडाराची पद्धत जगभर रुजविली त्या ॲपलने आरंभी वेबचाच पुरस्कार केला होता. जून २००७ मध्ये आयफोन विक्रीस येण्याच्या तोंडावर स्टीव्ह जॉब्ज यांनी बाहेरच्या कारागिरांना सांगितले ते हेच, की या फोनसाठी काही करावयाचे तर वेबच्या साधनांनी करा. कारागिरांचे समाधान झाले नाही. ऑक्टोबरातच बेत बदलला आणि जुलै २००८ मध्ये सुमारे पाचशे ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडले. प्रत्येक विक्रीत तीस टक्के वाटा दुकानदाराचा! कारागिरांची तक्रार खोटी नव्हती. त्या काळची वेब पाने मंद चालत, त्यांना कॅमेरा वापरता येत नसे, आणि संपर्क तुटला की ती कोरी पडत. २०१२ साली फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांनीही वेबच्या साधनांवर फार विसंबलो, ही आपली मोठी चूक झाली, असे जाहीरपणे कबूल केले होते.

पण नंतरच्या दहा-बारा वर्षांत वेबची साधने पुष्कळ सुधारली, आणि उलट दिशेने केलेल्या चुका आपल्याच देशात पाहावयास मिळाल्या. मे २०१५ मध्ये मिंत्रा या कपडे विकणाऱ्या कंपनीने आपले संकेतस्थळच बंद केले. माल घ्यावयाचा तर ॲप घ्या. वर्ष-सव्वा वर्षात, जून २०१६ पर्यंत, बंद केलेली दारे तिला पुन्हा उघडावी लागली. तिच्या मालक फ्लिपकार्टने फोनवरील आपले पान असेच मिटले होते आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हलके वेब ॲप करून ते परत आणले. गिऱ्हाईक दारात उभे असता त्यास आधी कुलूप विकत घेऊन या म्हणणे व्यापाऱ्यास परवडत नाही, हे त्यांस लवकर उमगले. सरकारास उमगण्यास वेळ लागतो, कारण सरकारचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊ शकत नाही.

स्वस्त फोनांची कथा तर अधिक बोलकी आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे दोन हजार रुपयांचे फायरफॉक्स प्रणालीचे फोन भारतात आले. त्यांवरील सारे काही वेबच्याच साधनांनी घडविलेले होते. फोन चालले नाहीत, प्रणाली गुंडाळली गेली. परंतु तिच्याच बीजातून कायओएस निघाली आणि २०१७ साली १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये बसली. बटणांच्या त्या फोनाने अनेक घरांत प्रथमच इंटरनेट नेले. तथापि ज्यांनी आपले काम केवळ अँड्रॉइड आणि आयफोनसाठी रचले होते, त्यांच्या लेखी ही घरे अस्तित्वातच नव्हती. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू ॲप निघाले, मेच्या आरंभी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांस ते सक्तीचे झाले आणि जिओफोनसाठीची आवृत्ती यावयास मेचा मध्य उजाडला. साथीच्या दिवसांत सहा आठवडे हा लहान काळ नव्हे.

द्वारपालाचा मुद्दा याहून गंभीर आहे. १ मार्च २०२४ हा दिवस या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा. त्या दिवशी शुल्काच्या वादावरून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप आपल्या भांडारातून काढून टाकली. नोकरी शोधून देणारे नोकरी डॉट कॉम त्यांत होते. लग्ने जुळविणारी भारत मॅट्रिमोनी आणि शादी डॉट कॉम ही होती. ज्यांच्या फोनमध्ये ती आधीच होती त्यांचे काम अडले नाही, पण नव्याने येणाऱ्यास दार बंद. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आक्षेप घेतला, चर्चा झाली आणि चार-पाच दिवसांत ती ॲप परत आली. दरम्यान मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या बापाने ब्राउझरमध्ये पत्ता घातला असता तेच पान विनातक्रार उघडत होते. त्याच १ मार्चला ॲपलनेही एक माघार घेतली: युरोपीय संघाच्या नव्या कायद्याचे निमित्त करून आयफोनच्या पडद्यावर बसविलेली वेब ॲप मोडीत काढण्याचा घाट तिने घातला होता, तो गदारोळ झाल्यावर सोडून दिला. म्हणजे वेबचे दारही सर्वस्वी मोकळे आहे, असे समजण्याचे कारण नाही. फोन बनविणारा ठरवील तर त्याच्या बिजागऱ्या ढिल्या करू शकतो. तरीही परवानगीवाचून उघडता येणारे दुसरे दार आज तरी दृष्टीस पडत नाही.

या सर्वावरून नेटिव्ह ॲप म्हणजे निव्वळ उपद्रव, असा निष्कर्ष कोणी काढील तर आम्ही त्यास सहमत होणार नाही. यूपीआयने पैसे देताना खाते फोनमधील सिमकार्डाशी बांधलेले असते. ही ओळख पटविणे साध्या पानाच्या आवाक्यातले नाही आणि पैशाच्या बाबतीत ही कडी हवीच. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२१ पासून आणलेली ई-पीक पाहणी घ्या. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे, जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर नोंदले जावयाचे, आणि शिवारात संपर्क नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर पाठवावयाची. सिंधुदुर्गाच्या डोंगरउतारावरील काजूच्या बागेत किंवा रत्नागिरीच्या कातळावरील आमराईत हे काम ॲपच अधिक विश्वासाने करील. सातबाऱ्यावर पीक चढले नाही तर नुकसानभरपाईचा मार्ग अडतो, म्हणून येथे विश्वास स्वस्त नाही. मोहगावात मात्र सातबाराच नाही. तेथे खसरा-खतौनी, तेथे गिरदावरी, आणि त्यासाठी दुसऱ्या राज्याची दुसरी साधने. माती तीच, संत्र्याचा रोगही तोच.

साधन कोणते, याइतकेच ते कोणाच्या हातात आणि कोणत्या भाषेत, हेही महत्त्वाचे असते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन शासनासच परत करण्याचे आंदोलन केले. फोन अपुऱ्या क्षमतेचे होते. त्यांवर केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप नीट चालेना, आणि माहिती भरावयाची ती इंग्रजीत! ज्या बाई गावातील प्रत्येक बाळाचे वजन तोंडपाठ सांगू शकतात त्यांना परकी लिपी आणि अडखळणारे यंत्र देऊन वर मानधन नोंदीवर अवलंबून ठेवावयाचे, यास सुधारणा म्हणावयाचे की शिक्षा? त्यांनी फोन परत केले ते आळसाने नव्हे, हे त्या काळी कित्येकांनी समजून घेतले नाही.

भाषेच्या बाबतीत वेबचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. ब्राउझरमध्ये उघडलेले हिंदी वा इंग्रजी पान वाचकास स्वतःच्या हाताने मराठीत उलटवून घेता येते. ते भाषांतर ओबडधोबड असते, कधी हास्यास्पदही. पण अर्जातील कोणत्या चौकटीत बापाचे नाव आणि कोणत्या चौकटीत नवऱ्याचे, एवढे तरी कळते. अक्षरे मोठी करता येतात. बंदिस्त ॲपमधील मजकुराला सहसा असा हात लावता येत नाही. करणाऱ्याने जी भाषा दिली ती गोड मानून घ्यावयाची. मोहगावच्या माणसास हिंदी अनोळखी नाही. गोव्यात आणि कोकणात इंग्रजीसमोर थबकणारी माणसे पुष्कळ आहेत. कोविन संकेतस्थळ २०२१ च्या एप्रिलअखेर सर्व प्रौढांसाठी खुले झाले तेव्हा ते इंग्रजीतच होते. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. मधल्या काळात शहरांतील इंग्रजी जाणणारी तरुण मुले खेड्यांतील केंद्रांवरच्या जागा पटापट टिपून घेत होती.

मग सरकारांस ॲपची इतकी हौस का? आमच्या मते एक कारण अगदी साधे आहे. ॲपचे उद्घाटन करता येते. मंत्रिमहोदय कळ दाबतात, पडद्यावर बोधचिन्ह झळकते, छायाचित्र निघते. संकेतस्थळावरील एका अर्जात चार चौकटी कमी केल्या, मराठी शब्द शुद्ध केले, जुन्या फोनवर पान तीन क्षणांत उघडेल असे केले, याचे उद्घाटन कसे करणार? त्यात प्रत्येक खात्याचे ॲप निराळे. निविदा निघते, ठेकेदार करून देतो, अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते, करार संपलेला असतो आणि ॲप पडून राहते. दोन प्रणालींसाठी दोनदा खर्च होतो तो वेगळाच.

संकेतस्थळ केले म्हणजे सर्व दुखणी संपतात, असेही नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थींस संकेतस्थळावर ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले. या खेपेस मार्ग वेबचाच होता. तरी संकेताक्षरे वेळेवर येईनात, बनावट संकेतस्थळे निघाली, आणि पतीच्या वा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागितल्यामुळे ज्यांना दोघेही नाहीत अशा विधवा स्त्रिया अडून बसल्या. मुदत वाढवावी लागली. पान चांगले असो की वाईट, नियम करणाऱ्याने विधवेचा विचारच केला नसेल तर तिच्यासाठी चौकट कोठून येणार? मोहगावच्या थोरल्या बहिणीस २०२३ मध्ये जो समोर बसलेला माणूस भेटला, तो अशा वेळी उपयोगी पडतो. कारण त्यास विचारता येते.

गोव्यातील शासनाने आपल्या बऱ्याच सेवा गोवा ऑनलाइन या संकेतस्थळावर आणल्या आहेत, ही दिशा आम्हांस योग्य वाटते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही सोय ठेवली; त्या सोयीचा प्रत्यय फोनच्या पडद्यावरही आला पाहिजे. यापुढे कोणतेही खाते नव्या ॲपचा प्रस्ताव घेऊन आले की अर्थखात्याने त्यास तीन प्रश्न विचारावेत. हे काम ब्राउझरमधील पानाने का होत नाही? पाच वर्षांपूर्वीच्या, दोन जीबी स्मृतीच्या फोनवर ते कोणी चालवून पाहिले आहे काय? आणि ज्या घरी असा फोनच नाही, त्या घरच्या बाईने पंचायतीत कोणत्या मेजासमोर, कोणत्या वारी जाऊन बसावयाचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या फाइलीत नसेल ती फाइल खात्याकडे परत धाडावी.