तिळारीकाठच्या वाटा राखायला या

सह्याद्रीत सायकल घेऊन हिंडणाऱ्या सगळ्यांना, त्यातही सावंतवाडी, बांदा, म्हापसा, चंदगड, बेळगाव, कोल्हापूर इथल्या मित्रमैत्रिणींना ही कळकळीची हाक आहे. दोडामार्ग तालुक्यात तिळारी नदीच्या काठाने आणि वरच्या रानातून जाणाऱ्या जुन्या पायवाटा, गाडीवाटा आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत. वाट गेली म्हणजे आपली रविवारची रपेट गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. तिथे वाटेवर फाटक बसतं, त्याच्या आधी बहुतेक वेळा रान गेलेलं असतं.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक इथे एकमेकांना अगदी खेटून आहेत. घाटावर चंदगड, पलीकडे बेळगाव, खाली दोडामार्ग आणि लगेच गोव्याचे डिचोली, पेडणे हे तालुके. नदी दोडामार्गात तिळारी असते, गोव्यात ती शापोरा होते आणि त्याच नावाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. माउंटन बाइक चालवणाऱ्याला एका दिवसात इतक्या तऱ्हेची जमीन दुसरीकडे क्वचित मिळेल. वर जांभ्याचा सडा, चाकाखाली कुरकुरणारे तांबडे खडे. तिथून उतरलं की दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेली, भर दुपारीही काळोखी वाटणारी पाणंद लागते. मग काजू, मग पोफळीचं कुळागर आणि त्यातला खळखळणारा पाट. व्हाळ आडवा आला की सायकल खांद्यावर घ्यायची, साकवावर माणूस समोरून येत असेल तर थांबायचं. सर्वांत शेवटी नदीकाठच्या मळ्या येतात. तिथली माती इतकी मऊ असते की टायरमधली हवा थोडी कमी केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. दसऱ्यानंतर भात कापलं गेलं की या मळ्यांच्या कडेने, करंजाच्या सावलीतून आणि माणग्याच्या बेटांमधून जाणारी वाट मोकळी होते. माझ्या मते पश्चिम घाटाच्या उतारावर सायकलने अनुभवण्यासारखं याहून सुंदर दुसरं काही नाही.

या मळ्या म्हणजे नदीचं पावसाळ्यातलं अंथरूण. पाऊस लागला की तिळारी काठ सोडून त्यांच्यावर पसरते, जोर गमावते, गाळ टाकते आणि मग पुढे जाते. २०१९ आणि २०२१ साली काय झालं ते काठच्या गावांनी पाहिलंय. पाणी दोडामार्गातल्या घरांत शिरलं आणि गोव्यात साळ, इब्रामपूरपर्यंत लोकांची झोप उडाली. वरचं रान तुटलं की पाणी धरणारं कोणी उरत नाही. खालच्या मळीत भराव पडला की पुराला पसरायला जागा उरत नाही. ही दोन्ही कामं आज एकाच वेळी चालू आहेत. बार्देश आणि पेडण्यातल्या पुष्कळ घरांच्या नळाला तिळारीचंच पाणी येतं. म्हणून हा प्रश्न एकट्या सिंधुदुर्गाचा आहे असं गोव्यातल्या कोणी समजू नये.

त्या रानात काय आहे? हेवाळे-बांबर्डे परिसरात रानजायफळाच्या जातीच्या झाडांची, गोड्या पाण्याची दलदल आहे. चिखलात हवा मिळत नाही म्हणून या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वर येतात आणि तिथून श्वास घेतात. असं जंगल दक्षिणेत केरळ-कर्नाटकात सापडतं. महाराष्ट्रात ते इथे आहे, आणि ते टिकलं ते गावाने देवराई म्हणून राखलं म्हणून. सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला तो बऱ्याच नंतर, २०२१ मध्ये. नदीत पाणमांजरं आहेत, उंच झाडांवर धनेश आणि शेकरू आहेत, रानात गवे आहेत. कर्नाटकातल्या दांडेली-अणशीच्या जंगलातून गोव्याच्या म्हादई अभयारण्यामार्गे वर राधानगरी, कोयनेकडे सरकणाऱ्या वाघाला हाच पट्टा ओलांडावा लागतो. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती इथे उतरले तेही याच सलग रानाच्या आधाराने. म्हणून या पट्ट्यातली गावं एकेकटी मोजून चालत नाही. सायकलवाल्याला हे नकाशाशिवाय कळतं, कारण त्याच्या चाकाखालची सावली मैलोन्मैल तुटत नाही. आणि जिथे ती तुटते तिथे काय झालंय तेही त्याला सर्वांत आधी दिसतं.

दिसतं ते असं. डोंगरउतारावर जेसीबीने पायऱ्या कापलेल्या असतात. जांभळ, किंजळ, ऐन, सगळं भुईसपाट करून रबराची रोपं लावलेली असतात किंवा अननस. खाली व्हाळाचं पाणी गढूळ तांबडं झालेलं असतं, आणि ज्या पायवाटेने शेजारच्या वाडीतली मुलं शाळेत जायची तिच्यावर तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. काजूच्या दराची खात्री नाही, हत्ती रात्रीत माड-केळी झोपवतो, भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात, घरातलं तरणं माणूस गोव्यात कामाला जातं. अशा वेळी बाहेरचा खरेदीदार रोख पैसे घेऊन दारात उभा राहिला तर तो काय करील? पण खाणीचं गणित वेगळं आहे. कळणे गावाने खाणीला कडाडून विरोध केला होता, तरी ती झाली, आणि २०२१ च्या जुलैत तिथला बांध फुटून चिखल गावाच्या शेतीबागायतीत शिरला. आता पवनारहून पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखला जातोय. तो सावंतवाडीच्या बाजूने सह्याद्री उतरणार असेल तर या सलग रानाचं काय होईल, हे विचारण्याची वेळ आराखडा पक्का होण्याआधीची असते.

कायद्याच्या बाजूने आपण रिकाम्या हाताचे नाही. तिळारी परिसरातलं २९.५३ चौरस किलोमीटर वन २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केली होती. तरी कुऱ्हाड थांबली नाही. ‘वनशक्ती’ आणि ‘आवाज फाउंडेशन’ या संस्थांनी लावून धरलेल्या याचिकेवर २२ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत करायला आणि तोडीवर नजर ठेवणारं कृतिदल नेमायला सांगितलं. आदेश चांगला आहे. पण कृतिदलाला खबर कोण देणार? रानाच्या आतल्या उतारावर करवत चालू झाली हे डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या जीपला कळत नाही. आपल्याला कळतं. आपण तिथूनच जात असतो.

तेव्हा आपल्याकडून होण्यासारखी, आणि आपल्यालाच नीट जमतील अशी कामं सांगतो. पहिलं काम वाटांचं. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. आपल्या सायकलीवर आज जीपीएस आहे. फेरी झाली की तिचा माग त्या नकाशावर ठेवून पाहा. नकाशातली वाट जमिनीवर अडवलेली आढळली तर फोटो, तारीख, जागा नोंदवा आणि गावातल्या लोकांच्या हाती द्या. वहिवाटीची वाट अडवली तर ती मोकळी करून घेण्यासाठी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. पण अर्ज तिथल्या माणसाचा हवा, पुण्यामुंबईच्या पाहुण्याचा नव्हे. तोडीची नोंदही अशीच करायची आणि ती वनविभागाला लेखी कळवून पोच घ्यायची. फाटकावर भांडत बसू नका, कुंपण तोडू नका.

दुसरं, पैसा गावात सोडा. गाडीत डबे भरून नेऊन संध्याकाळी परत फिरणाऱ्या माणसाचा गावाला उपयोग नाही. वाडीत राहा, तिथलं जेवण जेवा, वाटाड्या घ्या आणि त्याला नीट मोल द्या, काजूगर आणि कोकम दारातून विकत घ्या. उभं रान आपल्याला चार पैसे देतं असं ज्या घराला वाटेल ते घर जमीन विकण्याआधी एकदा थांबेल.

तिसरं आपल्या स्वतःच्या चाकांबद्दल आहे आणि त्यात सवलत नको. पावसात मळ्यांमधून सायकल घालायची नाही. ओल्या गाळात पडलेली चाकोरी पुढच्या सरीला ओहोळ होते. जायफळाच्या दलदलीत आणि देवराईत सायकल न्यायचीच नाही, कारण ती वर आलेली मुळं टायरखाली चिरडतात. पाणमांजरांची बिळं आणि दलदलीची नेमकी जागा कुठल्याही ॲपवर टाकायची नाही. राखीव क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि अंधार पडायच्या आत रानाबाहेर यायचं, कारण ती वेळ हत्तींची. स्पर्धा, ध्वनिक्षेपक, चारचाकी ताफे यांना आपल्या गटांनी सरळ नकार द्यावा. नवा ट्रॅक खणायचा मोह तर मुळीच नको. शेकडो वर्षांच्या पायांनी पाडलेल्या वाटा इथे आहेत, त्या पुरेत.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. या तारखांच्या आधी महिनाभर आपापल्या सायकल गटाने एकेक गाव वाटून घ्यावं, भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावच्या नकाशाची प्रत मागावी आणि गावकऱ्यांबरोबर वाटा फिरून यावं. दोन ठराव मांडायला त्यांना मदत करावी: नकाशातल्या सगळ्या वाटा खुल्या ठेवण्याचा, आणि गाव संवेदनशील क्षेत्रात घेण्याला पाठिंब्याचा. तिळारीपलीकडच्या गोव्यातल्या गटांनी साळ, इब्रामपूरच्या पंचायतींशी बोलावं, चंदगडच्या मंडळींनी घाटमाथा सांभाळावा. कोण कुठलं गाव घेणार, हे या आठवड्यातच ठरवा.