पाऊस गेला तरी दारात फुले

पाऊस सरला, तेरडा वाळला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की पुष्कळ घरी दारातले डबे-कुंड्या रिकाम्या करतात. आमचे सांगणे आहे, घाई करू नका. झेंडू, गोकर्ण, गुलबक्षी आणि सदाफुली अजून फुलत आहेत.

झेंडूचे फूल झाडावरच सुकले की झाडाची ताकद बी धरण्यात जाते, नव्या कळ्या कमी येतात. म्हणून सुकलेली फुले खुडत जावे. गावठी झेंडूची दोन-तीन टपोरी फुले मात्र वाळू द्यावी. पुढच्या वर्षीचे बी घरचेच होते. पत्र्याचा डबा उन्हात लवकर तापतो, म्हणून पाणी सकाळीच घालावे. तांदूळ धुतलेले पाणीही चालते.

शेवंतीला रात्री मोठ्या होऊ लागल्या की कळ्या धरतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली तिची कुंडी असेल तर फुले लांबतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवावी.

सदाफुली तर बारमाही. १९५८ साली कॅनडातील संशोधकांनी तिच्यातून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. ते आज कॅन्सरवर देतात. पण ते औषध मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. आपल्याकडे काही जण ‘साखर’ उतरावी म्हणून सकाळी तिची पाने चावतात. ही पाने विषारी आहेत. घरात कुणी असे करीत असेल तर आजच थांबवा, आणि लहान मुलांनाही ती तोंडात घालू देऊ नका.