प्लॅस्टर निघाले म्हणजे हाड जुळले असे नव्हे



२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनचा पाय ओल्या स्लीपरवरून घसरला आणि डावी नडगी मोडली. ड्युटीवर, सकाळी दहाच्या सुमारास, साऱ्या गँगच्या डोळ्यांदेखत. पण इस्पितळाच्या कागदावर लिहिले गेले, ‘घरी मोरीत पडला’. वरिष्ठाने समजावले होते की अपघाताची नोंद झाली म्हणजे चौकशी लागते, सगळ्या गँगला त्रास होतो. तू घरी पडलो म्हण, बाकीचे आम्ही बघतो. तो बिचारा तसे म्हणाला. बाकीचे मात्र कोणीच बघितले नाही.

सात आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. तोवर शिल्लक रजा संपत आली होती आणि पुढे बिनपगारी दिसत होती. तो कुबडी घेऊन कचेरीत आला आणि म्हणाला, “दादा, काहीही करा, पण फिट मिळवून द्या.” आम्ही डॉक्टरांकडे शब्द टाकला. ते एक्स-रे बघून कां-कूं करीत होते, आम्ही आग्रह धरला. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे. फिट मिळाले आणि चौथ्या दिवशी तो खांद्यावर हत्यारे घेऊन खडीवरून चालू लागला. चार महिन्यांनी कळले, हाड जुळलेलेच नव्हते. शेवटी शस्त्रक्रिया करून नडगीत सळई घातली, कमरेचे हाड काढून मोडल्या जागी भरले. पुन्हा सात महिने घरी. आजही तो लंगडतो.

हाड जुळते कसे, हे आम्हालाही तेव्हाच नीट कळले. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ, कच्चा सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जाऊन तो कडक होतो, आणि त्यानंतरही कित्येक महिने शरीर ते हाड घडवीत राहते. मनगट पाच-सहा आठवड्यांत धरते. नडगीला मोठ्या माणसात तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात, कारण तिच्यावर मांस कमी आणि खालच्या भागाला रक्तपुरवठाही बेताचा. मधुमेह असेल तर आणखी उशीर. बिडी-सिगारेटने तर जुळणे हमखास लांबते. आमचा हा सभासद प्लॅस्टरमध्ये बसून दिवसाला एक बंडल ओढत होता, आणि आम्ही भेटायला गेलो की आमच्याकडूनही मागत होता.

आपण रेल्वेवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. खडी चाळून नवा रूळ टाकला की त्यावरून पहिल्याच दिवशी एक्स्प्रेस पूर्ण वेगाने सोडतो काय? कॉशन लावतो. आधी वीसने, मग टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतो. माणसाच्या पायाला मात्र कॉशन नाही; काल सिक, आज फिट, उद्या पूर्ण बीट! फिट देताना ताजा एक्स-रे बघितलाच पाहिजे आणि पहिले काही आठवडे बसून करण्याचे काम दिले पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

पण या गोष्टीतला खरा घात झाला तो पहिल्या दिवशीच्या कागदाने. सातव्या वेतन आयोगानंतर जुनी हॉस्पिटल लीव्ह वगैरे एकत्र करून कामामुळे झालेल्या इजेसाठी वेगळी रजा आली. तिच्यात इस्पितळातला सगळा काळ पूर्ण पगार, त्यानंतर सहा महिने पूर्ण पगार आणि पुढे बारा महिने अर्धा पगार मिळतो. आमच्या माणसाला एवढा अवधी मिळता तर फिटसाठी कोणाचे पाय धरावे लागले नसते. मोरीत पडलेल्याला ही रजा नाही. म्हणून नोंद त्याच दिवशी, खरी, साक्षीदारांच्या सह्यांसह करा. चौकशी झाली तर होऊ द्या.

दुरुस्त होऊनही जुने काम झेपले नाही, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी नोकरीतून काढता येत नाही की दर्जा कमी करता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. आमच्या सभासदाला याच आधारावर स्टोअरमध्ये घेतले, अर्थात पत्रव्यवहाराची फाइल जाड झाल्यावर.

गावाकडचे बांधव अजून हाडवैद्याकडे जातात, त्यांच्यासाठी दोन शब्द. बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या की आतला रक्तपुरवठा बंद पडतो, आणि काही तासांत हात किंवा पाय कायमचा जातो. इस्पितळातल्या प्लॅस्टरनेही हे होऊ शकते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे बधिर झाली, बोट सरळ केले की कळ आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी परत जा आणि प्लॅस्टर कापून मागा. लिव्हरपूलचे प्रसिद्ध अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस हे एका हाडवैद्याचेच चिरंजीव, पण ते रीतसर शिकले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला भाचा रॉबर्ट जोन्स १८८८ मध्ये मँचेस्टरच्या जहाज-कालव्याच्या बांधकामावर प्रमुख शल्यवैद्य झाला. त्याने कालव्याच्या काठाने इस्पितळे आणि प्रथमोपचाराची ठाणी उभी केली. जखमी खणकऱ्यांना बांधकामाच्या रेल्वेनेच तेथे पोचवीत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे जमले होते! आमच्या गँगला त्या दिवशी दारावर निजवून माणूस फाटकापर्यंत न्यावा लागला.

शेवटी पोस्टातल्या भावांविषयी. खात्याच्या पोस्टमनला वरची रजा आहे. पण त्याच पावसात सायकलवरून पडणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला ती लागू नाही, त्याचे नियम वेगळे. हाड मात्र दोघांचेही तेवढाच वेळ घेते. ही रजा त्यांनाही मिळावी असा ठराव आमच्या शाखेने महासंघाकडे पाठवला आहे. इतर शाखांनी तो आपापल्या सभेत घ्यावा. मसुदा हवा असल्यास आम्ही पाठवू.