हिशेब कुणी शिकवावा?

बारावीचा निकाल लागला की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांत एक ठरलेला संवाद सुरू होतो. पाटसही त्याला अपवाद नाही. मुलीने वाणिज्य शाखेतून बारावी केलेली असते. बापाचा दोन एकर ऊस, त्याचे बिल केव्हा येईल याची खात्री नाही. शेजारचा जाणता माणूस सांगतो, "बी.कॉम.च्या तीन वर्षांत मिळते काय? त्यापेक्षा तीन महिने क्लास लाव, टॅली शिकव, कुरकुंभच्या एखाद्या कंपनीत चिकटेल." दुसरा म्हणतो, "डिग्री नसेल तर पुढे कोणी विचारणार नाही." दोघांचेही म्हणणे खोटे नसते, आणि म्हणूनच बाप गोंधळून जातो. खासगी वर्ग की महाविद्यालय, असा हा प्रश्न घरच्या कर्त्या माणसापुढे टाकून शासन आणि संस्थाचालक दोघेही नामानिराळे राहिले आहेत.

महाविद्यालयाची बाजू घ्यायची तर आधी त्याचा दोष मान्य केला पाहिजे. वाणिज्य ही संस्थाचालकांच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त शाखा. तिला रसायने नकोत, सूक्ष्मदर्शक नकोत. खोली, फळा आणि बाके असली की तुकडी उभी राहते. अनुदान नसेल तर विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालवता येते. कायम प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण आज इथे तर उद्या तिथे असे करीत पोट भरतो. अशा तुकडीतून बाहेर पडलेल्या पदवीधराला अंतिम लेख्यांचे कृत्रिम उदाहरण सोडवता येते, पण एका दुकानाची महिन्याची बिले पुढे टाकली तर रोजकीर्द कोठून सुरू करावी हे उमगत नाही. ही त्याची लायकी नव्हे. त्याच्या हाती खरी वही कोणी दिलेलीच नसते. खासगी वर्गाचा सारा व्यापार या उणिवेवर चालतो. महाविद्यालयाने आपले काम केले असते तर या पाट्यांपैकी निम्म्या उतरल्या असत्या.

परंतु महाविद्यालय नापास झाले म्हणून वर्ग पास झाला असे होत नाही. वर्गात शिकवले जाते ते काय? 1986 साली बंगळुरात सुरू झालेल्या एका कंपनीने बनवलेली संगणक-प्रणाली. ती उत्तम आहे, देशभरच्या दुकानांनी आणि कारखान्यांनी ती स्वीकारली आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साधनालाच विद्या म्हणून विकण्याबद्दल. ही कळ दाबली की खरेदी, ती दाबली की विक्री. रक्कम नावे का पडली आणि जमा का झाली, हे विचारायला तीन महिन्यांत सवड नसते.

याची किंमत कधी मोजावी लागते ते 1 जुलै 2017 रोजी दिसले. महाराष्ट्रात 2005 पासून असलेली मूल्यवर्धित कराची पद्धत त्या दिवशी बहुतांश मालापुरती संपली आणि वस्तू व सेवा कर आला. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता होतो, हे तत्त्व ज्याला आधीच उमगले होते त्याला नव्या पद्धतीत नवी नावे आणि नवे नमुने शिकायचे होते. ज्याला केवळ कळा पाठ होत्या त्याला पुन्हा शुल्क भरून नव्या वर्गात बसावे लागले. वर्गचालकाच्या दृष्टीने ही तोट्याची गोष्ट नव्हती.

आणखी एक गंमत आहे, आणि ती हिशेबाचीच आहे. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणशुल्कावर वस्तू व सेवा कर नाही. खासगी वर्गाच्या शुल्कावर 18 टक्के आहे. वर्गाची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, एवढाच अपवाद. म्हणजे शहरातल्या मोठ्या, साखळी पद्धतीच्या वर्गात ऊसकऱ्याच्या मुलीने नाव घातले की तिने आधी सरकारला कर द्यायचा आणि मग कर कसा आकारतात ते शिकायचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला. रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पासही मान्यताप्राप्त संस्थेच्या दाखल्यावर निघतो. वर्गाच्या पावतीवर यातले काहीच मिळत नाही. सरकार स्वतः या प्रमाणपत्राची काय किंमत करते, तेही पाहावे. 2024 साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यास महिना 6,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले. बारावीनंतर खासगी वर्ग केलेल्याचा रकाना तिथे नव्हता. बँकेच्या लिपिकाची परीक्षा असो, राज्यसेवा असो वा सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. असो, दारावर पहिली विचारणा पदवीची होते.

तरीही केवळ नोकरीचा विचार करून हा प्रश्न सुटत नाही. हिशेब ही विद्या या भागात कोणत्या कारणाने महत्त्वाची झाली, ते आठवले पाहिजे. पाटसच्या शेजारी, आज बारामती तालुक्यात आणि त्या काळी भीमथडी तालुक्यात असलेल्या सुपे गावी 12 मे 1875 रोजी शेतकरी उठले. सावकारांची घरे त्यांनी गाठली ती मुख्यतः खतपत्रे आणि चोपड्या हस्तगत करण्यासाठी. त्या त्यांनी जाळल्या. कर्ज किती, व्याज किती, फेड किती झाली हे सारे दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या अक्षरात होते. चार वर्षांनी, 1879 साली, इंग्रज सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. सावकाराने कुळाला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, अशी कलमे त्यात घालावी लागली. पण पासबुक हाती आले तरी ते वाचता आले पाहिजे, आणि वाचता येणे ही शाळेची गोष्ट होती, कायद्याची नव्हे.

आज सावकाराच्या जागी सोसायटी, पतसंस्था, बँक आणि कारखाना आले. त्यांच्या वह्या संगणकात गेल्या, इतकाच फरक. 2019 साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक कोसळली. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवल्याचे तेव्हा उघड झाले. त्या नोंदी कोणीतरी कळा दाबूनच केल्या असणार. कळ दाबणारा हात स्वस्त मिळतो. ही नोंद खोटी आहे, ती करणार नाही, असे म्हणणारा माणूस तयार व्हायला तीन महिने पुरत नाहीत. पाटसजवळ मधुकरनगरचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि पुढे खासगी समूहाला भाडेतत्त्वावर चालवावयास दिला गेला. त्याची कारणमीमांसा हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच विचारायचे की वार्षिक सभेपूर्वी घरी आलेला अहवाल उघडून ताळेबंदातील कर्जाचा आकडा गेल्या वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहू शकेल असे घर गावात किती? ज्या तालुक्यात दर हिवाळ्यात गाळपाचा हंगाम असतो तिथल्या वाणिज्याच्या वर्गात साखर कारखान्याचा ताळेबंद कधी फळ्यावर येत नाही, हे महाविद्यालयाचे सर्वांत मोठे अपयश म्हटले पाहिजे.

तीन वर्षे थांबायला घरात पैसा नाही, हा आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. त्याला उपदेशाने उत्तर देणे क्रूरपणाचे होईल. ज्या मुलाला लगेच कमावणे भाग आहे त्याने खुशाल टॅली शिकावे, दौंडच्या एखाद्या करसल्लागाराकडे बसावे. पण 1989 साली निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घालूनच. दूरशिक्षणाची पदवी वर्गातल्या शिकवणीची बरोबरी करीत नाही, तथापि दार उघडे ठेवते. ज्यांना थोडाही धीर धरता येईल त्यांनी महाविद्यालय सोडू नये. संगणक-प्रणाली दिवाळीच्या सुट्टीतही शिकता येते. खतावणी, घसारा आणि लेखापरीक्षण यांची समज सुट्टीत येत नाही.

मात्र प्रवेशअर्ज भरून पालकाचे काम संपत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही पदवीचा नवा आराखडा लागू झाला आणि त्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाची तरतूद आहे. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणून ती पुरी झाल्याचे दाखवण्याची वाट अर्थातच मोकळी आहे. पालकांनी प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांना विचारावे: हे प्रशिक्षण कोठे होणार? गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत विद्यार्थ्यांना खरी कीर्द पाहावयास मिळणार काय? संगणक किती, ते चालू किती, वाणिज्याचे पूर्णवेळ प्राध्यापक किती? ही विचारणा एकट्या बापाने केली तर त्याला शिपाई बाहेर बसवील. पाटस, वरवंड, कुसेगाव अशा गावांतील पन्नास पालकांनी एका अर्जावर सह्या करून केली, तर त्या अर्जाची आवक नोंदवहीत नोंद घ्यावी लागेल, आणि आवक क्रमांक लिहिलेली पोच मागून घेतल्याशिवाय कोणी कार्यालयाची पायरी उतरू नये.