दुर्बीण घ्यायला पैसे आहेत, चालती ठेवायला नाहीत

मित्रहो, आज जरा आडवळणाचा विषय आहे. पण पैसा तुमचा-आमचाच, म्हणून लिहितोय.

शाळांना, विज्ञान केंद्रांना निधीतून दुर्बिणी मिळतात. हल्ली त्या मोटरवाल्या असतात. दुर्बीण ज्याच्यावर बसते त्याला माउंट म्हणतात. आकाश दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं, माउंटची मोटर तेवढीच सरकली तरच गुरू-शनी नजरेसमोर टिकतात. फित कापली जाते, फोटो छापून येतो (छापणारे आम्हीच). मग दोन-तीन वर्षांत लॅपटॉप बदलतो आणि माउंट ऐकेनासं होतं. मुख्याध्यापक शेरा मारतात, 'नादुरुस्त'. दुर्बीण कपाटात, आणि पुढे भंगारात.

अहो, मोटर बऱ्याचदा ठणठणीत असते. कंप्युटर आणि मोटर यांच्यामधला दुभाषी जुना झालेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

हा दुभाषी सांभाळतं कोण? विंडोजवर अ‍ॅस्कॉम, लिनक्सवर इंडी (आघाडीवाली नव्हे) अशा व्यवस्था आहेत. इंडीचा कोड सगळ्यांसाठी खुला, फुकट. त्यातले कित्येक ड्रायव्हर हौशी मंडळी नोकरी सांभाळून, रात्री जागून चालू ठेवतात. काम सोपं नाही. प्रत्येक कंपनीचं माउंट यांच्या घरी नसतं. परक्या माणसाने पाठवलेली नोंद वाचून दुसऱ्या देशातल्या माउंटचा रोग ओळखायचा. आणि चूक झाली तर नुसता प्रोग्रॅम बंद पडत नाही. तारा मध्यान्हरेषा ओलांडतो तेव्हा एका प्रकारच्या माउंटला दुर्बीण पलटी करून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. तिथे हिशेब चुकला की नळी थेट स्टँडला धडकते.

एवढं करून या लोकांना मिळतं काय? "अजून दुरुस्त का नाही केलं?" आपल्याकडचे पठ्ठे तर पावसाळाभर दुर्बीण झाकून ठेवतात, मधल्या काळात लॅपटॉप अपडेट करतात आणि ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की ड्रायव्हरच्या नावाने शंख करतात. फुकट ते पौष्टिक, पण पौष्टिक करणाऱ्याला चहासुद्धा नाही!

कुणी म्हणेल, फुकट्यांच्या भरवशावर कशाला राहायचं, कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरा. मग मीडचं उदाहरण बघा. अमेरिकेतली नावाजलेली दुर्बीण कंपनी. १९९२ साली तिने एलएक्स२०० ही मालिका आणली. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२१ मध्ये ओरायन कंपनीने ती घेतली आणि २०२४ च्या जुलैत ओरायनचंही शटर पडलं. तक्रार करायला दारच उरलं नाही. तरी त्या दुर्बिणी आजही चालवता येतात. का? कारण त्यांची भाषा उघड होती. कोलन, जी, आर, हॅश एवढी चार चिन्हं पाठवली की माउंट आपलं विषुवांश सांगतं. हे कागदावर छापलेलं होतं, म्हणून लोकांनी ड्रायव्हर लिहिले, आणि ते चालू ठेवले. ज्या यंत्राची भाषा कंपनीने तिजोरीत ठेवली, ते तिच्याबरोबर सती जातं.

म्हणून माझा राग कंपन्यांपेक्षा आपल्या खरेदीवाल्यांवर जास्त आहे. निविदेत नळीचा व्यास असतो, रंग असतो, 'वाहतूक व जीएसटीसह' असतं. यंत्राची भाषा खुली हवी, ही एक ओळ नसते. देखभालीच्या नावाने तर भोपळा. बंगळुरूच्या झिरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. शेअर दलालीवाल्यांना जे कळतं ते आपल्या नियोजन समितीला कळायला काय हरकत आहे?

आपल्या तालुक्यात पुढची दुर्बीण खरेदी निघेल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा. माउंटची आज्ञावली खुली असल्याचं कंपनीचं पत्र, आणि किमतीच्या दोन टक्के रक्कम ड्रायव्हर सांभाळणाऱ्या प्रकल्पाला देणगी. 'नियमात बसत नाही' असं साहेब म्हणाले तर नियमाचा क्रमांक विचारा आणि मला कळवा. मी छापतो.

आणि ज्यांच्या शाळेत अशी दुर्बीण कपाटात पडून आहे त्यांनी भंगाराच्या कागदावर सही करण्याआधी माउंटचं नाव आणि मॉडेल नंबर खाली कमेंटमध्ये टाका. आपल्या ग्रुपात लिनक्स येणारी दोन-तीन पोरं आहेत.