गाडीत टाकलं म्हणजे पाप गेलं?



परवा व्याख्यान संपल्यावर स्थानकाच्या पायरीवर विषय निघाला ओल्या कचऱ्याचा. आमच्या सोसायटीत खताचा ड्रम आणायचा आहे. चौघीजणी एका सुरात म्हणाल्या, "खतात जीव पडतात. आपण कशाला त्या पापात? घंटागाडीत टाकून मोकळं व्हावं." अनेक वर्षं मीही हेच म्हणत होते. आता पटत नाही.

आपल्या पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीला जातो. तिथेही तो कुजतोच. कचऱ्यापासून वीज करायच्या तिथल्या प्रकल्पाचं उद्घाटन 1 ऑगस्ट 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तेव्हा वर्षाला सुमारे 2.5 लाख टन कचरा वापरणार असं सांगितलं होतं. म्हणजे जीव वाचले नाहीत, जागा फक्त बदलली. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष लागतो हे आपण रोज म्हणतो ना?

मी कॉमर्सवाली, म्हणून हिशोब मांडते. शहरात किती कचरा गोळा होतो हे नुसत्या माणसांच्या संख्येवर ठरत नाही. हातात पैसा आला की पार्सलचे पुठ्ठे वाढतात. आंब्याच्या दिवसांत साली-कोयी, दिवाळीला अडगळ. रद्दी-भंगार विकलं तर तेवढं वजन गाडीत चढत नाही. गाडी वेळेवर आली नाही तर कचरा नाल्यात जातो आणि मोजलाच जात नाही. म्हणून आकडा कमी दिसला की शहर स्वच्छ झालं असं नाही. पण आपल्या स्वयंपाकघरातून काय निघतं, ते मात्र आपल्याच हातात आहे.

पाचवी समिती परिष्ठापनिका. टाकायचं ते बघून, जपून टाकायचं. उष्टं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेवणं ही कसली जपणूक? ती पिशवी पुढे कुणीतरी बाई हाताने फोडते.

माझ्या सासूबाई थाळी धुऊन पीत. उष्टं उरतच नसे. पहिला उपाय तोच: मापात रांधा, पानात टाकू नका, पारण्याच्या पंगतीतही नाही. ओला, सुका, घातक कचरा वेगळा ठेवा. 2016 चा नियमही तेच सांगत होता. एवढं करून ज्या साली उरतील, त्यांच्यासाठी मी ड्रमला हो म्हणणार आहे.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.